डबल डिलाइट, पापा मेयाँ आणि क्वीन एलिझाबेथबद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही एक तारा देऊन लिहिलेलं सगळं वाचलं, फोटोही मोठे करून पाहिले. जूनमध्ये तुम्ही आमच्याकडून तीन गुलाब नेलेत. श्रावण संपेपर्यंत डबल डिलाइटची पानं काळे ठिपके पडून गळाली, पापा मेयाँला बुडातून भलताच फुटवा आला, क्वीन एलिझाबेथ नुसता उंच गेला. आणि शेजारच्यांचा आइसबर्ग गुलाब मात्र फुलांनी भरलेला. ‘रोगट रोपं गळ्यात मारली’, असं तुमचं म्हणणं आहे.

रोपं निरोगीच होती. पण ती तुमच्या गॅलरीसाठी नव्हती, आणि ही चूक आमची. ऊन सकाळी नऊपर्यंतच येतं आणि पावसाची झड थेट कुंड्यांवर बसते, हे तुम्ही आता लिहिलंय. ते आम्ही विकतानाच विचारायला हवं होतं. फोनवर आमच्या मुलानं ‘बुरशीनाशक मारा’ एवढंच सांगितलं, तेही अपुरं. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

काळ्या ठिपक्यांची बुरशी रुजायला पान सलग सात-आठ तास ओलं राहावं लागतं. पुण्याच्या पावसाळ्यात, त्यातून नऊनंतर उन्हाची तिरीप नसलेल्या गॅलरीत, ते रोज राहतं. डबल डिलाइट 1977 साली आला तो कॅलिफोर्नियातून, कोरड्या हवेतून. पांढरट पाकळीला लाल कड आणि वास असा की माणूस तिथेच थांबतो, पण पावसात तो नाजूकच. पापा मेयाँचा प्रश्न वेगळा. त्याला भुरी, म्हणजे पांढऱ्या पुडीसारखी बुरशी, लवकर धरते, आणि भुरीला ओलं पान लागत नाही. कोरडे दिवस नि गार रात्री पुरतात. म्हणून डिसेंबरात त्याचे कोवळे शेंडे रोज पाहा. पांढरी पूड दिसली की तेवढा शेंडा खुडून टाका.

आता शेजारचा आइसबर्ग. कॉर्डेस या जर्मन घराण्याचा, 1958 चा. ठिपके त्यालाही येतात, पण नवी फूट इतक्या जोमानं येते की झाड उघडं पडत नाही. झुपक्यासारखा वाढतो, फुलं घोसानं येतात, काटे कमी. वास मात्र जेमतेम. तुम्ही दुकानात वासाचेच गुलाब मागितलेत म्हणून तो दाखवलाच गेला नाही. क्वीन एलिझाबेथ रोगाला तिघांत सगळ्यात चिवट, पण त्याची वाढच सरळसोट. तो माणसाच्या उंचीचा होतो आणि फुलं टोकाला येतात. ते कंपाउंडच्या कडेचं झाड, गॅलरीतलं नव्हे.

तुमच्या दुसऱ्या फोटोतला पापा मेयाँचा फुटवा नीट पाहा. कलमाची गाठ मातीच्या चार बोटं वर दिसते आणि हा फिकट हिरवा दांडा त्या गाठीच्या खालून, मातीला लागून निघालाय. तो खुंटाचा आहे, म्हणजे ज्या जंगली गुलाबावर कलम बांधलंय त्याचा. एका देठावर सात पानं म्हणजे जंगली, या ठोकताळ्यावर जाऊ नका. फुटवा निघतो कुठून ते बघायचं. कात्रीनं कापलात तर तिथूनच दोन येतील. माती उकरा आणि उगमापाशी धरून खाली ओढून तोडा. तो राहिला तर वरचं कलम उपाशी मरतं.

डबल डिलाइट घेऊन या, बदल्यात आइसबर्ग देतो, पैसे नकोत. मन डबल डिलाइटवरच असेल आणि गच्चीत पाच-सहा तास उन्हाची जागा मिळत असेल, तर ठेवा. पाऊस ओसरला की ऑक्टोबरात तिन्ही झाडं इथे आणा, छाटणी मी स्वतः करून देईन आणि कापलेल्या टोकांना बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावून देईन, म्हणजे फांदी वरून खाली वाळत जाणार नाही. तोवर पाणी सकाळी आणि बुडातच घाला. कुंडीत गळून पडलेली ठिपक्यांची पानं आजच वेचून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको.