केसपेपर पाच मिनिटांत, डॉक्टर अडीच तासांनी

परळच्या आमच्या कट्ट्यावर काल तीनदा चहा झाला तरी वाद मिटेना. विषय मीच काढला होता. आईला एका मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत नेलं. क्यूआर कोड स्कॅन केला, आभा या सरकारी डिजिटल आरोग्य खात्यावरची माहिती खिडकीपलीकडे पोचली आणि पाच मिनिटांत केसपेपर हातात! मग डॉक्टरांच्या दाराबाहेर अडीच तास.

"म्हणजे रांग आतल्या दाराशी सरकली, एवढंच," अण्णा म्हणाले.

सॉफ्टवेअरवाला भावड्या तापला. "अण्णा, ही तर सुरुवात आहे. देशभर ही डिजिटल आरोग्य योजना सुरू झाली 2021 च्या सप्टेंबरात. आभाचा 14 आकडी नंबर, पेशंटने संमती दिली की जुने रिपोर्ट दुसऱ्या हॉस्पिटलातही दिसणार. काकूंची ती फायलींची पिशवी सुटेल."

आमची ताई आयसीयूत सिस्टर आहे. ती शांतपणे म्हणाली, "मी प्रत्येक नोंद दोनदा करते. आधी रजिस्टर, मग कॉम्प्युटर. तेवढा वेळ पेशंटजवळून जातो."

मला अमेरिकेतला 2016 चा अभ्यास आठवला. बाह्यरुग्ण डॉक्टरांचा पेशंटसोबत एक तास गेला, की जवळपास दोन तास कॉम्प्युटर आणि टेबलावरच्या कामात जात होते. तिथे ही गत, तर आपल्या गर्दीत काय होईल?

"मग रजिस्टर बंद करा!" भावड्या.

"आणि सर्व्हर पडला तर?" ताईने दिल्लीच्या एम्सचं उदाहरण दिलं. नोव्हेंबर 2022 मध्ये सायबर हल्ला झाला आणि ओपीडीपासून लॅबपर्यंत सगळं कित्येक दिवस हातानं चालवावं लागलं. भावड्या गप्प झाला. पण ताईच पुढे म्हणाली, "लॅबचं मशीन वॉर्डाला जोडल्यापासून मात्र फरक पडलाय. परवा रात्री दोनला एकाचं पोटॅशियम वाढलेलं स्क्रीनवर लाल दिसलं, लगेच डॉक्टरांना उठवलं. पूर्वी वॉर्डबॉय मामा खालून कागद आणेपर्यंत वाट बघायची."

मला हेच म्हणायचंय. मशीनने माणसाची एक फेरी, एक नोंद वाचवली तर हॉस्पिटल सुधारतं. नोंद वाढवली, तर तेवढाच वेळ पेशंटचा जातो. किती आभा काढले हे मोजण्यापेक्षा दारात आल्यापासून डॉक्टर भेटेपर्यंत किती वेळ गेला, ते मोजा ना.

"गुरुवारी काकूंना परत नेणार ना?" ताईने विचारलं. "प्रत्येक दाराशी वेळ लिहून ठेव. औषधाच्या खिडकीचीही."