पॉइंटचा गॅप वाढवल्याने ठिणगी जोरदार होत नाही

ठिणगी जोरदार हवी तर पॉइंटचा गॅप वाढवा, असा सल्ला जुन्या गाड्यांबद्दल सर्रास दिला जातो, पण तो उलटा आहे. पॉइंट म्हणजे इंजिन फिरताना उघडमीट करणारा विजेचा छोटा स्विच, आणि गॅप म्हणजे तो पूर्ण उघडल्यावर मधे राहणारं अंतर. ठिणगीची ताकद जमते ती पॉइंट मिटलेले असताना. तेवढ्याच वेळात कॉइलमध्ये, म्हणजे ठिणगीसाठी ऊर्जा साठवणाऱ्या तारेच्या वेटोळ्यात, करंट चढतो. पॉइंट उघडताच तो तुटतो आणि ठिणगी पडते. हा मिटलेला काळ म्हणजे ड्वेल. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला डिस्ट्रिब्युटरच्या (सिलिंडरांना आळीपाळीने ठिणगी पोचवणाऱ्या फिरत्या भागाच्या) फेरीतले ९० अंश येतात, त्यातले साधारण ५० ते ६० ड्वेलचे. गॅप वाढवलात की ड्वेल घटतो. इंजिन पळायला लागलं की कॉइल अर्धवट भरते आणि गाडी मिसिंग करते. गॅप फारच कमी ठेवला तर पॉइंट जळून काळे पडतात. आणि कृपा करून आधी ड्वेल लावा, मगच टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची नेमकी वेळ. ड्वेल हलला की टायमिंगही हलतं.