वणव्यात परमिटची तारीख थांबत नाही

कॅनडात वणव्यामुळे गाव सोडावं लागलं तर टेम्पररी लोकांचं, म्हणजे कामाला, शिकायला किंवा भेटीला आलेल्यांचं, परमिट सरकार आपोआप वाढवून देतं, असं समजून बरेच जण निवांत बसतात. तसं काही होत नाही. सवलत असते, पण ती अर्ज करणाऱ्याला मिळते. तुम्ही शाळेच्या जिममध्ये कॉटवर झोपलेले असलात तरी परमिटवर छापलेल्या तारखेला स्टेटस, म्हणजे तिथे राहण्याची कायदेशीर परवानगी, संपतंच. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. ज्यांची मुलं तिकडे शिकताहेत किंवा जे स्वतः वर्क परमिटवर आहेत, त्यांनी शेवटपर्यंत वाचावं.

आधी सवलत नेमकी काय ते बघू. २०२३ मध्ये यलोनाइफ आणि केलोना, २०२४ मध्ये जॅस्पर, २०२५ मध्ये मॅनिटोबा आणि सस्कॅचवान. या वर्षांत इमिग्रेशन खात्याने, म्हणजे आयआरसीसीने, वणव्याची थेट झळ बसलेल्यांसाठी खास तरतुदी जाहीर केल्या. हरवलेली, जळालेली किंवा घरात अडकलेली कागदपत्रं फी न घेता पुन्हा मिळतात. विद्यार्थी, कामगार आणि व्हिजिटर यांना मुदतवाढीची किंवा स्टेटस पुन्हा मिळवण्याची, म्हणजे रिस्टोरेशनची, फी माफ होते. ज्यांचं काम वणव्यामुळे बंद पडलं त्यांना ओपन वर्क परमिटची, म्हणजे कुठल्याही मालकाकडे काम करता येईल अशा परमिटची, वाट दिली जाते. इमिग्रेशन कायद्याच्या कलम २५.२ खाली मंत्र्याला ‘पब्लिक पॉलिसी’ म्हणून असं काही करता येतं, आणि ते ठरावीक मुदतीपुरतंच असतं. त्यामुळे मागच्या वर्षीच्या अटी यंदाही तशाच असतील असं धरून चालू नका. अर्ज भरायच्या दिवशी आयआरसीसीच्या साइटवरचं त्या वर्षीचं पान स्वतः वाचा.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. तारीख उलटायच्या आधी केलेला अर्ज आणि उलटल्यावर केलेला अर्ज, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आधी केलात तर ‘मेंटेन्ड स्टेटस’ मिळतं. निर्णय येईपर्यंत जुन्या परमिटच्याच अटींवर राहता येतं, काम करता येतं, शिकता येतं. उलटल्यावर केलात तर ते रिस्टोरेशन. त्यासाठी नियमाप्रमाणे ९० दिवसांची मुदत असते, आणि निर्णय हातात येईपर्यंत काम बंद, शिक्षण बंद. फी माफ झाली म्हणून हा फरक पुसला जात नाही. रिस्टोरेशन फुकट मिळालं, पण तीन-चार महिने पगार नाही, याला सवलत म्हणवत नाही. तेव्हा तारीख जवळ आली असेल तर सामानसुमान, इन्शुरन्सचा क्लेम, सगळं बाजूला ठेवा आणि आधी हा अर्ज टाका. निवारा केंद्रातल्या वायफायवर फोनवरून टाकला तरी चालतो.

अर्ज कुठे फसतो तेही सांगतो. कामगारांसाठी आयएमएम ५७१०, विद्यार्थ्यांसाठी ५७०९, व्हिजिटरसाठी ५७०८ हा फॉर्म. वर्क परमिटच्या फॉर्ममध्ये सुरुवातीलाच कशासाठी अर्ज करताय ते विचारतात: त्याच मालकाकडे, नव्या मालकाकडे, की स्टेटस रिस्टोअर करायला. तारीख उलटलेली असताना रिस्टोअरच्या चौकोनात टिक केली नाही, तर ऑफिसर तो मुदतवाढीचा अर्ज समजतो आणि नाकारतो. दुसरी चूक अपुऱ्या अर्जाची. सही राहिली, फी राहिली किंवा एखादं कागदपत्र जोडलंच नाही, की अर्ज परत येतो. परत आलेला अर्ज केलाच नव्हता असं धरतात. तोवर तारीख उलटून गेलेली असते आणि ज्या मेंटेन्ड स्टेटसवर तुम्ही कामाला जात होतात ते नव्हतंच असं ठरतं. म्हणून माझा स्पष्ट सल्ला: फी-माफीत बसतो की नाही याची खात्री नसेल आणि उद्या-परवा मुदत संपत असेल, तर फी भरून टाका. वर्क परमिटचे १५५ डॉलर, स्टडी परमिटचे १५०, व्हिजिटरचे १००. हे पैसे वाचवण्याच्या नादात स्टेटस घालवू नका.

‘थेट झळ बसली’ हे दाखवायला दोन गोष्टी लागतात: तुम्ही त्या भागात राहत होता, आणि तिथे आदेश निघाला होता. पहिलीसाठी लीज, पत्ता असलेली पगाराची स्लिप, विजेचं बिल. यातलं काहीच हाताशी नसेल तर बँकेच्या ॲपमधून पत्ता असलेलं स्टेटमेंट डाउनलोड करा. दुसरीसाठी इव्हॅक्युएशन ऑर्डरचा तारखेसकट स्क्रीनशॉट आणि रेड क्रॉसकडे किंवा निवारा केंद्रात केलेल्या नोंदणीचा ईमेल. ‘अलर्ट’ आणि ‘ऑर्डर’ यांत गल्लत करू नका. अलर्ट म्हणजे तयारीत राहा, ऑर्डर म्हणजे निघा. यासोबत एक पानाचं पत्र जोडा: कोणत्या तारखेला कुठून निघालो, आता कुठे आहे, काय हरवलं, कोणत्या सवलतीखाली अर्ज करतोय. साध्या इंग्रजीत, चार परिच्छेदांत. रडगाणं नको, तारखा हव्यात.

पासपोर्ट जळाला असेल तर दोन कामं वेगवेगळी धरा. स्टडी किंवा वर्क परमिटचा कागद पुन्हा मिळवायचा तो आयएमएम ५००९ या फॉर्मवर. एरवी त्याला ३० डॉलर लागतात, वणव्याच्या सवलतीत माफ होतात. भारतीय पासपोर्टचं काम आपल्या सरकारचं. पोलिसांत तक्रार नोंदवायची, पासपोर्ट सेवा पोर्टलवर अर्ज भरायचा आणि बीएलएस या अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीमार्फत ओटावाच्या उच्चायुक्तालयाकडे किंवा टोरांटो, व्हँकूव्हरच्या वकिलातीकडे पाठवायचा. या दोन्ही कामांची सांगड घालून थांबू नका. नवा पासपोर्ट यायला वेळ लागेल, तोवर जुन्याच्या पानांची स्कॅन कॉपी जोडून आणि पत्रात कारण लिहून अर्ज करा. परमिट पासपोर्टच्या मुदतीपलीकडे देत नाहीत, हे मात्र लक्षात ठेवा. आणि इमर्जन्सी सर्टिफिकेट घ्यायची घाई करू नका. ते भारतात परतण्यापुरतं, एकतर्फी प्रवासाचं असतं. पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टिकर गेला म्हणून घाबरू नका. तो आत येण्यासाठी असतो, देशात राहण्याचा हक्क परमिटवरून ठरतो.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. या सगळ्यात खरा मार बसतो तो क्लोज्ड वर्क परमिटवाल्यांना, म्हणजे ज्यांना एकाच ठरलेल्या मालकाकडे काम करता येतं त्यांना. जॅस्परचंच घ्या. २२ जुलै २०२४ च्या रात्री पाच तासांत निघा असा आदेश आला. गावात आणि पार्कमध्ये मिळून पंचवीस हजारांच्या आसपास माणसं होती. पूर्वेची आणि दक्षिणेची वाट आगीने अडवलेली, म्हणून सगळ्यांना पश्चिमेला ब्रिटिश कोलंबियातल्या व्हेलमाउंटकडे काढलं आणि मग वळसा घालून पुन्हा अल्बर्टात आणलं. दोन दिवसांनी आग गावात शिरली आणि १,११३ पैकी ३५८ इमारती गेल्या. अशा पर्यटनाच्या गावात हाउसकीपिंगला, किचनमध्ये, रिसेप्शनला टेम्पररी कामगार बरेच असतात आणि त्यांतले पुष्कळसे मालकानेच दिलेल्या खोलीत राहतात. म्हणजे नोकरी आणि छप्पर एकाच रात्री जातं. परमिट मात्र वैध! त्यावर मालकाचं नाव छापलेलं, आणि त्या मालकाकडे काम नाही. बॅन्फमधलं हॉटेल उद्यापासून या म्हणत असलं तरी जाता येत नाही. नव्या मालकाला एलएमआयए, म्हणजे परदेशी कामगार ठेवायची सरकारी मंजुरी, काढायची तर दर पदामागे १,००० डॉलर भरून आठवडे नाहीतर महिने थांबायचं. कोण थांबेल?

ओपन वर्क परमिटची सवलत नेमकी याच माणसासाठी आहे, आणि नेमकी हीच त्याच्यापर्यंत सगळ्यांत उशिरा पोचते. आग लागते, लोक विखुरतात, त्यानंतर तरतूद जाहीर होते, मग अर्ज, मग निर्णय. दरम्यान तो माणूस रोख पैशांवर कुठेतरी काम करतो, आणि पुढे पीआरच्या, म्हणजे कायम वास्तव्याच्या, अर्जात तेच विनापरवाना काम म्हणून त्याच्या अंगावर येतं. मी म्हणतो, दरवर्षी वणवे पेटणाऱ्या देशाने दरवर्षी नव्याने तरतूद का जाहीर करावी? लिटन २०२१ मध्ये जळालं, फोर्ट मॅकमरीतून २०१६ मध्ये ऐंशी हजारांवर लोक निघाले. ही काही अपवादाची गोष्ट राहिलेली नाही. प्रांताने किंवा नगरपालिकेने इव्हॅक्युएशन ऑर्डर काढली की त्या भागातल्या टेम्पररी लोकांचं स्टेटस नियमानेच ठरावीक दिवस पुढे सरकावं, आणि त्याच ऑर्डरच्या जोरावर क्लोज्ड परमिटवाल्याला लगेच दुसरीकडे काम करता यावं. फी-माफी ही सरकारला सगळ्यांत स्वस्त पडणारी मदत आहे. माणसाला वेळ आणि काम हवं असतं.

नियम बदलेपर्यंत हातात असलेलं एक साधन बहुतेक जण वापरतच नाहीत: एम्प्लॉयमेंट इन्शुरन्स, म्हणजे नोकरी गेल्यावर काही काळ पैसे देणारा सरकारी विमा. पगारातून हप्ता कापला जातो, तर हक्कही आहे. भागाप्रमाणे ४२० ते ७०० तास भरलेले असावे लागतात. मालकाकडून रेकॉर्ड ऑफ एम्प्लॉयमेंट, म्हणजे नोकरीचा दाखला, यायची वाट बघत बसू नका, क्लेम आधी टाकता येतो. क्लोज्ड परमिटवाल्यांना ‘तुम्ही दुसरं काम घ्यायला मोकळे आहात का’ असं विचारतात. तिथे ओपन वर्क परमिटचा अर्ज टाकल्याची पावती जोडा.

विद्यार्थ्यांचं थोडक्यात. कॉलेज बंद पडलं किंवा वर्ग ऑनलाइन गेले तर रजिस्ट्रारकडून तारखांसकट पत्र घ्या आणि जपून ठेवा. पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिटच्या वेळी फुल-टाइम शिक्षणात खंड का पडला ते विचारतील. कॉलेजने मान्य केलेली रजा १५० दिवसांपर्यंत धरली जाते. आणि कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तासांची कामाची मर्यादा वणव्यामुळे उठत नाही. भेटीला आलेल्या आईवडिलांच्या पासपोर्टवर शिक्क्याजवळ तारीख लिहिलेली नसेल, तर प्रवेशापासून सहा महिने धरा. त्यांचाही अर्ज त्याआधी गेला पाहिजे.

मोसम सुरू व्हायच्या आधी एवढं करून ठेवा: पासपोर्टची सगळी पानं, परमिट, सिन (सोशल इन्शुरन्स नंबर), लीज, शेवटच्या तीन पगाराच्या स्लिपा यांचे फोटो क्लाउडवर, आणि एक संच पुण्या-नाशकाला घरच्यांच्या ईमेलवर. आयआरसीसीच्या खात्याचा पासवर्ड आणि सिक्युरिटी प्रश्नांची उत्तरंही कुठेतरी जपून ठेवा, कारण निवारा केंद्रात माणसं बहुतेक वेळा लॉगिन करतानाच अडकतात. नवं परमिट कागदावर छापून पोस्टाने येतं, म्हणून अर्ज केल्यावर पत्ता बदलला तर वेब फॉर्मने लगेच कळवा, नाहीतर ते रिकाम्या गावात जाऊन पडतं. नवं परमिट हाती आलं की ९ ने सुरू होणाऱ्या सिनची मुदतही सर्व्हिस कॅनडाकडून वाढवून घ्या.

आणि कुणी एजंट ‘वणव्याच्या स्कीम’चे पैसे मागत असेल तर त्याचं नाव कन्सल्टंट्सना परवाना देणाऱ्या ‘कॉलेज’ या संस्थेच्या यादीत आहे का ते आधी तपासा. पैसे घेऊन असा सल्ला देण्याचा अधिकार फक्त परवानाधारक कन्सल्टंट, वकील आणि परवानाधारक पॅरालीगल यांना आहे, क्वेबेकमध्ये नोटरींनाही. वरचे फॉर्म तुम्ही स्वतः भरू शकता. कुठे अडलात तर कमेंटमध्ये विचारा, पण पासपोर्ट किंवा यूसीआय नंबर (आयआरसीसीने तुम्हाला दिलेला ओळख क्रमांक) तिथे टाकू नका.