नवा बायोस, जुनी तारीख

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपणार आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० म्हणजे सुरक्षेची किल्ल्या सांभाळणारी सोय लागणार, हे कळलं तेव्हा ऐन पावसाळा होता. माझ्या कॉम्प्युटरच्या बोर्डावर टीपीएम होतं, पण निजलेलं. नवा बायोस, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम, टाकला की ते आपोआप जागं होतं, असं कंपनीच्या साइटवर लिहिलेलं. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, फाइल टाका आणि काम चालू असताना वीज जाऊ देऊ नका. ही शेवटची सूचना लिहिणारा कधी लातुरात राहिलेला नसावा.

लाइट गेली नाही. तेवढंच एक नीट झालं.

पंखे फिरतायत, स्क्रीन काळी. नवा बायोस आधी रॅमची नव्यानं ओळख करून घेतो, त्यात काही मिनिटं जाऊ शकतात, पण हे तो सांगत नाही. तेवढ्यात बायकोनं विचारलं, "काल चालू होतं ना? मग हात कशाला लावलात?" या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही.

शेवटी चित्र आलं. पण नवा बायोस म्हणजे बदलून आलेला तलाठी, आधीचं काहीच त्याला मान्य नव्हतं. ३२०० नं पळणारी रॅम २१३३ वर आणून बसवलेली. पंख्याचा वेग मी घासाघीस करून ठरवला होता, तो गेला. आता पंखा असा सुटला की वरच्या काकूंनी पाऊस समजून गच्चीवरचे कपडे काढले. डिस्कचा मोडही बदललेला, म्हणून विंडोजची निळी स्क्रीन. मोड जागेवर आणला, रॅमला पुन्हा ३२०० नं पळवणारं एक्सएमपी चालू केलं, तर पुन्हा अंधार.

गंजगोलाईजवळच्या दुकानातल्या पोराला फोन लावला. तो जेवत होता. "बोर्डावरचा सेल काढा, पाच मिनिटं थांबा, परत लावा," एवढं म्हणून त्यानं ठेवला. सेल तीन व्होल्टचा, पण दडलेला ग्राफिक्स कार्डाखाली. म्हणून आधी कार्ड काढा, कार्डासाठी स्क्रू काढा, आणि मग खाली पडलेला स्क्रू शोधायला घर कामाला लावा.

सेल काढल्यावर बायोस सगळ्या सेटिंग विसरला आणि चालू झालं एकदाचं. डिस्कचा मोड पुन्हा लावला. रॅमला मात्र हात लावला नाही, चालू दे बापडी २१३३ नं.

नेमके तेव्हाच गावाकडून काका आले, सातबारा आणि बँकेचं पासबुक घेऊन. पीकविम्याची मुदत संपत आलेली. साइट काही उघडेना. प्रमाणपत्राची मुदतच सुरू झालेली नाही, म्हणे. खाली कोपऱ्यात पाहिलं, तर सेल काढल्यामुळं तारीख जाऊन बसली होती १ जानेवारी २०२० वर.

"काय करूलालास रे?"

"काका, हे अजून वीस सालातच आहे."

काकांनी चष्मा पुसून स्क्रीनजवळ तोंड नेलं.

"मग थांब, बदलू नको. वीस सालचाच भर. औंदा काय होईल कुणाला ठावं, त्या सालचं सोयाबीन पाण्यात गेल्यालं मी डोळ्यानं बघितलंय."