‘दिसतंय ना, मग तपासायचं कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

घरातल्या सर्वांच्या नेत्रतपासणीविषयीच्या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. परखड असली तरी ती आपल्या घरातली खरी माणसे समोर ठेवून लिहिलेली आहे, म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळे होणे मला योग्य वाटले नाही. आपले म्हणणे थोडक्यात असे : सगळ्यांनी दरवर्षी डोळे तपासावेत हा सल्ला दवाखान्यांच्या सोयीचा आणि आपल्याला खर्चाचा आहे, आपण नाशिकमधील सातपूरच्या कारखान्यात नोकरीला असून कंपनीच्या वार्षिक तपासणीत आपली नजर ६/६ भरते, मुलगी पहिलीत आहे व तिची काही तक्रार नाही, आणि १२ वर्षांपासून मधुमेह असलेल्या, वयाची ७६ वर्षे पूर्ण केलेल्या आपल्या आई गेल्या वर्षापासून चाळिशी न लावता सुई ओवतात. ‘दिसतंय ना, मग तपासायचं कशाला?’ असा आपला प्रश्न आहे.

आधी माझी चूक मान्य करतो. ‘प्रत्येकाने दरवर्षी’ हे मी सरसकट लिहायला नको होते. अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेचे वेळापत्रकही तसे सांगत नाही. कोणताही त्रास किंवा विशेष जोखीम नसलेल्या माणसाने चाळिशीच्या सुमारास एकदा संपूर्ण तपासणी करावी, ५४ व्या वर्षापर्यंत दोन ते चार वर्षांनी, ६४ पर्यंत एक ते तीन वर्षांनी आणि ६५ नंतर एक-दोन वर्षांनी ती पुन्हा करावी, असे त्यांचे मार्गदर्शन आहे. याहून पुढची गोष्टही सांगतो, कारण ती आपल्या बाजूची आहे. त्याच देशातील प्रतिबंधक आरोग्यसेवेच्या तज्ज्ञगटाने २०२२ मध्ये असे नोंदवले की, कोणतीही लक्षणे नसलेल्या प्रौढांची काचबिंदूसाठी (डोळ्याची नस खराब होऊन नजर नेणाऱ्या रोगासाठी) सरसकट तपासणी करावी की नाही, हे ठरवण्याइतका पुरावा उपलब्ध नाही. तेव्हा शंका घेणारे आपण एकटे नाही. मात्र याच तज्ज्ञगटाने तीन ते पाच वर्षांच्या मुलांची दृष्टी किमान एकदा तपासावी, अशी स्पष्ट शिफारस २०१७ मध्ये केली आहे. मधुमेही माणसाच्या बाबतीत तर नियमित तपासणीविषयी वादच नाही. म्हणजे आपल्या घरातल्या तिघांना तीन निरनिराळी उत्तरे लागू पडतात.

आपल्या ६/६ पासून सुरुवात करतो. सहा मीटरवरून जी ओळ निरोगी नजरेला वाचता यायला हवी ती आपल्याला वाचता येते, एवढाच या आकड्याचा अर्थ. अक्षरांचा तो तक्ता स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञाने १८६२ मध्ये तयार केला आणि तो आजही उपयोगी आहे. परंतु तो फक्त नजरेच्या मध्यबिंदूचे माप घेतो. काचबिंदूत नजर बहुधा कडेकडेने जाते, आणि ती जाताना दुखत नाही, लाल होत नाही, अंधारीही येत नाही. एका डोळ्याने गमावलेला तुकडा दुसरा डोळा भरून काढतो व मेंदू त्यातून अखंड चित्र जुळवून देतो. त्यामुळे रोग बराच पुढे गेलेला माणूसही ६/६ वाचू शकतो.

हे मी पुस्तकातून शिकलो असतो तर बरे झाले असते. माझे वडील रामकुंडाच्या पायऱ्या उतरताना एका पावसाळ्यात दोनदा घसरले. आम्ही सगळ्यांनी दोष शेवाळाला दिला. रविवार कारंजावर बाजूने आलेली रिक्षा त्यांना अगदी अंगावर येईपर्यंत दिसली नाही, तेव्हा दोष रिक्षावाल्याला दिला. त्या दोन वर्षांत चष्म्याच्या दुकानात त्यांचा नंबर दोन वेळा बदलून घेतला. दोन्ही वेळा अक्षरे स्वच्छ दिसली आणि आम्ही समाधानाने घरी आलो. पुढे मोतीबिंदू आहे का हे पाहायला गेलो असता, तिथल्या डॉक्टरांनी थेंब घालून आतली नस पाहिली आणि दृष्टिक्षेत्राची चाचणी करायला सांगितले. अर्धगोल भांड्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून, एक डोळा झाकून, जेव्हा प्रकाशाचा ठिपका दिसेल तेव्हा हातातले बटण दाबायचे, अशी ती चाचणी असते. मी बाजूला उभा होतो. यंत्रात ठिपके उमटत होते आणि वडिलांचा अंगठा कितीतरी वेळ हलत नव्हता. छापून आलेल्या कागदावर उजव्या डोळ्याचा खालचा भाग जवळजवळ पूर्ण काळा होता. पायऱ्या नेमक्या त्याच भागात येत होत्या. गेलेली नजर परत आली नाही. काचबिंदूसाठी रोज रात्री न चुकता घातलेल्या थेंबांनी उरलेली टिकून आहे.

दुकानदारावर माझा राग नाही. नंबर काढणे हे त्याचे काम होते आणि ते त्याने नीट केले. त्यालाच आम्ही तपासणी समजलो, ही चूक आमची. संपूर्ण तपासणीत डोळ्याचा दाब मोजतात आणि थेंबांनी बाहुली मोठी करून डोळ्याच्या आतला, मागच्या बाजूचा पडदा व नस पाहतात. केवळ दाबावरही विसंबता येत नाही, कारण दाब नेहमीच्या मर्यादेत असूनही नस खराब होणारे रुग्ण असतात.

मुलीविषयी आपण लिहिले आहे की तिची तक्रार नाही. लहान मूल तक्रार करील कशी? जन्मापासून एका डोळ्याने अंधूक दिसत असेल, तर सगळ्यांना असेच दिसते असे त्याला वाटते. माझी भाची बालवाडीत अक्षरे सगळ्यांच्या आधी ओळखत असे. एकदा खेळता खेळता माझ्या बहिणीने तिचा डावा डोळा तळहाताने झाकला, तर ती गप्प बसून चित्र पाहत राहिली; उजवा झाकताच तिने आईचा हात ओढून बाजूला केला. पुन्हा झाकला, पुन्हा ओढला. डाव्या डोळ्याला मोठा नंबर निघाला. त्या डोळ्याकडून स्पष्ट चित्रच न मिळाल्याने मेंदूने त्याची दखल घेणे सोडून दिले होते. यालाच आळशी डोळा म्हणतात. चष्मा देऊन, चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावून तो कामाला लावता येतो, पण सात-आठ वर्षांच्या आत सुरुवात झाली तर फळ उत्तम मिळते. पुढे ते अवघड होत जाते. आपली मुलगी पहिलीत आहे, म्हणजे वेळ अजून हातात आहे. तिचा एकेक डोळा झाकून घरी जरूर पाहा, मात्र त्यावर न थांबता डॉक्टरांनाही दाखवा.

आता आईंविषयी, आणि मला खरी काळजी त्यांचीच वाटते. उतारवयात वर्षानुवर्षे लागणारी चाळिशी एकाएकी नकोशी होणे, हे पुष्कळदा वाढत्या मोतीबिंदूचे लक्षण असते. डोळ्यातील भिंगाचा गाभा घट्ट होत जातो, डोळ्याला मायनस नंबर येतो आणि जवळचे तात्पुरते स्पष्ट दिसू लागते. घरात त्याचे कौतुक होते, पण त्याच वेळी लांबचे अंधूक होऊ लागलेले असते. याशिवाय रक्तातील साखर वरखाली झाली तरी नंबर बदलतो. त्यांची सुई ओवली जाते हे खरेच आहे, पण त्यावरून पडदा निरोगी आहे असे ठरत नाही. मधुमेहात पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात, नंतर नव्या, नाजूक रक्तवाहिन्या फुटतात. मध्यभाग सुरक्षित असेपर्यंत माणसाला काहीही जाणवत नाही, आणि एखाद्या दिवशी आत रक्तस्राव होऊन समोर काळे जाळे येते. आधी कळले तर लेझर आणि डोळ्यातील इंजेक्शन यांनी बरेच वाचवता येते. मोठ्या वयात होणाऱ्या मधुमेहात (टाइप २) निदान होताच पहिली तपासणी आणि त्यानंतर साधारण दरवर्षी, असा नियम आहे. १२ वर्षांत त्यांचा पडदा कोणी पाहिल्याचा उल्लेख आपल्या पत्रात नाही.

खर्चाचा आपला मुद्दा मी टाळत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क आहेत, आणि त्र्यंबक रस्त्यावरचे आपले जिल्हा रुग्णालय त्यांतलेच आहे. रांगेत वेळ जातो, म्हणून सकाळी लवकर जावे. आईंना नेताना साखरेचे अलीकडचे अहवाल, चालू औषधांची यादी आणि जुना चष्मा सोबत ठेवा. थेंब घातल्यावर चार-पाच तास जवळचे धूसर दिसते व ऊन सहन होत नाही. काळा चष्मा न्या आणि त्यांना दुचाकीवर मागे बसवण्याऐवजी रिक्षाने आणा.

जाण्यापूर्वी आईंना एक गोष्ट अवश्य विचारा : माहेरी किंवा आपल्या वडिलांच्या बाजूला कोणाला काचबिंदू होता का, कोणाची नजर म्हातारपणी ‘अशीच’ गेली का. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला हा रोग असेल, तर जोखीम कितीतरी वाढते आणि मग आपल्यालाही चाळिशीची वाट पाहून चालणार नाही. माझ्या थोरल्या आत्याला तो होता. ती बरीच वर्षे थेंब घालत होती, आणि वडिलांचे निदान झाल्याचे कळवायला मी फोन केला, त्या दिवशी तिने ते पहिल्यांदा सांगितले.