ती बाटली ऑपरेशन थिएटरात असते रे!

आज सकाळी ग्राऊंडवर गोळाफेकीच्या जागेमागे, गवतात, दोन सिरींज आणि एक रिकामी बाटली दिसली. लेबल खरवडलेलं, तरी 'मेफेंटरमाईन' वाचता आलं. तेव्हापासून डोकं फिरलंय.

हे नाव मला पाठ आहे. थोरलीच्या वेळी बायकोला सिझेरियनला पाठीत भूल दिली आणि बीपी धाडकन खाली आलं, तेव्हा डॉक्टरांनी हेच दिलं होतं. मॉनिटरवर डोळे लावून, मोजून मापून. आणि इथे पोरं शेडमागे एकमेकांना टोचतात! का, तर पोलीस भरतीत १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारले की २० पैकी २०.

माझा पुतण्याही त्यातलाच. ५:०८ मारून आला होता. "काका, दमच लागत नाही!" अरे गाढवा, दम लागतोच, तुला कळत नाही एवढंच. हृदय बोंबलतंय, अंग तापतंय आणि थांब सांगणारी घंटाच तू काढून टाकलीस.

त्या रात्री तो आमच्याकडेच होता. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, जेवण नाही. पहाटे तीनला माझा हात ओढून छातीवर ठेवला. बनियनखाली नुसती धडधड, पिशवीत कोंबडी कोंडल्यासारखी. मग म्हणे, बॅचमधली पोरं माझ्यावर पाळत ठेवतात. खिडकीचा पडदा सरकवून बघत बसला. एकवीस वर्षांचं पोर.

हो, मान्य, भरती रखडते, वय निघून जातं, घरून रोज फोन येतो. सगळ्या अकॅडम्या असल्या नसतात, तेही मान्य. पण चिठ्ठीशिवाय ही बाटली देणारा मेडिकलवाला? आणि "सगळेच घेतात" म्हणणारा तो सर? त्यांच्या पोरांना टोचतील का हे?

जाऊ दे. लिहिता लिहिता राग उतरला, त्या रात्रीचा त्याचा चेहराच तेवढा डोळ्यांसमोर राहिला. सोडल्यावरही पंधरा दिवस नुसता लोळून होता, बूट घालायचा कंटाळा. आता परत पळतो. परवा स्टॉपवॉच मीच धरलं होतं. ५:४२. वाकून गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होता, शिव्या घालत होता मला.

उद्याही साडेपाचला आम्ही ग्राऊंडवर आहोत. ज्यांची ती बाटली, त्यांनी या. ओरडणार नाही.