बंड्याचे सात राहिले

नानाने खिशातून मोबाइल काढला तेव्हाच मी ओळखलं, आज बंड्याचा चहा गार होणार.

"हा बघ तुझा चौऱ्याहत्तर नंबर. काल गच्चीवरून काढला. मी खाली जाऊन जेवून आलो, तोवर यंत्राने शोधून, फोटो जोडून सगळं तयार!"

नानाची ती नवी दुर्बीण आल्यापासून कट्ट्यावर दुसरा विषय नाही. तिला डोळा लावायची जागाच नाही, हे तो अजून कौतुकाने सांगतो.

बंड्याचं तर ठाऊकच आहे. मेसिए या अठराव्या शतकातल्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाच्या यादीतले तारकागुच्छ, तेजोमेघ, दीर्घिका, 110 च्या 110, स्वतः शोधून, स्वतःच्या डोळ्यांनी. सहा इंची, हाताने फिरवायची डॉबसोनियन दुर्बीण, टॉर्चला लाल जिलेटिन कागद आणि ती दोनशे पानी वही. 103 झाले. उरलेल्या सातांत मीन राशीतला हा चौऱ्याहत्तर. तीन हिवाळे हुलकावणी देतोय.

बंड्याने फोटो नीट पाहिला. "छान आलाय. तू पाहिलास?"

"मग हे काय?"

"हे तर मीही पाहिलं. म्हणजे माझाही झाला? नाना, तू लग्नाला कशाला जातोस रे? अल्बम येतोच की घरी."

"जेवायला," पक्या म्हणाला.

डॉक्टरने काडी टाकली. "मुळात मेसिएला यातलं काही बघायचंच नव्हतं. तो धूमकेतूंच्या मागे. या धुरकट डागांनी घोटाळा होतो म्हणून यादी केली. बंड्या दुसऱ्याच्या अडचणी मोजत बसलाय."

"आणि चौऱ्याहत्तर तर त्याने शोधलाही नाही," बंड्या थंडपणे म्हणाला. "त्याच्या सोबत्याने, मेशाँने शोधला, 1780 साली. म्हणजे अडचणही उसनी."

"पण दिसतं काय त्यात?" नाना पेटला. "डाग!"

डागच दिसतो. मी पाहिलाय, कन्या राशीतला 87 नंबर. बंड्याने अर्धा तास अंधारात बसवलं, मग डोळा लावू दिला. काही नाही. "सरळ बघू नकोस, जरा बाजूला बघ." बाजूला पाहिलं आणि काचेवर वाफ धरावी तसं काहीतरी उगवलं. सरळ पाहिलं की गायब. पाच कोटी वर्षांपूर्वी निघालेला उजेड, म्हणे. नानाच्या फोटोपुढे अगदीच फालतू, पण तो मी धरला होता. तेवढ्यात याच नानाने किती वाजले बघायला मोबाइल पेटवला आणि सगळ्यांचे डोळे गेले कामातून. हे मी बोलूनही दाखवलं.

"ते अजून काढतोस?" नाना.

"तुझं काय घेऊन बसलास? पक्याचं 2001 पासून काढतोय. आभाळातून लिओनिड्सच्या उल्का पडताहेत आणि हा जीपमध्ये घोरतोय."

"मला उठवलं नाही कुणी!"

"तीनदा उठवलं. तिसऱ्यांदा म्हणालास, आई, आज सुट्टी आहे."

हसणं ओसरल्यावर बंड्याने बेत मांडला. फाल्गुन अमावास्या, भोरच्या पुढे, संध्याकाळपासून पहाटेपर्यंत एका रात्रीत यादीतले जमतील तेवढे. मॅरेथॉन. अडचण एकच, दुसऱ्या दिवशी पाडवा. गेल्या वर्षी वहिनींनी आणि लेकीने गुढी उभारली, हा गाठीची माळ उशाला घेऊन झोपलेला. आई तर अमावास्येला निघाला म्हणून अजून बॅगेत लिंबू टाकते.

"त्याचं सरबत करतो पहाटे," बंड्या म्हणाला.

"मीही येणार, माझी दुर्बीण घेऊन," नाना.

"ये की. मोबाइल मात्र डिकीत."

नाना गप्प. मग हळूच म्हणाला, "मोबाइलशिवाय ती चालू होत नाही रे."

डॉक्टरच्या नाकातून चहा आला. चहावाला फडकं घेऊन आला, तो वहीही घेऊनच. "बंड्याशेठ, तुमच्या वहीत सात राहिलेत ना? माझ्या वहीत चौदा."

बंड्या खिसे चाचपू लागला. नानाने काही न बोलता मोबाइल क्यूआर कोडवर धरला.